पडवीतली पत्रं : ‘बापाशीक बोलाक सांग’

प्रश्न : काकी, मी मालवण तालुक्यातल्या बंदराजवळच्या एका गावची. वय 19, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई मासे विकते. बाजारात तिच्यासारख्या दहा-बारा जणी सकाळपासून दुपारपर्यंत बसतात, पण तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. त्यामुळे आई सकाळी पाणीसुद्धा पीत नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हे सांगायला उभी राहिले. दोन वाक्यं झाली आणि आवाज कापायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘गो चेडवा, बापाशीक बोलाक सांग.’ सगळे हसले आणि मी खाली बसले. आमच्या घरात बायका चारचौघांत बोलतच नाहीत, त्यामुळे मला सवय नाही. 2 ऑक्टोबरला पुन्हा सभा आहे. मैत्रिणी म्हणतात, भाषणाचा क्लास लाव. आत्मविश्वास कसा आणू?

उत्तर : बाय, क्लास नको. आवाज माझाही कापतो, अजून कापतो, आणि त्याने काही अडत नाही. तू एकटी उभी राहिलीस आणि तुझं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही, अडलंय ते तिथे.

नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. बऱ्याच ठिकाणी ती वहीतच होते. शिपाई घरोघर फिरून सह्या घेतो. हे ऐकीव नाही. 1997 साली मी राखीव जागेवरून सदस्य झाले, तेव्हा दीड वर्ष ती वही माझ्या पडवीत येत होती. चुलीपुढून उठायचं, हात पदराला पुसायचे आणि बोटाने दाखवतील तिथे सही करायची. एकदा शिपाई पाणी पीत होता, तेवढ्यात मागची पानं चाळली. आमच्या वाडीच्या विहिरीची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलण्याचा ठराव ‘सर्वानुमते’ मंजूर होता आणि खाली माझी सही होती. त्या वैशाखात आमच्या वाडीतल्या पोरी हंडे घेऊन घाटी चढून वरच्या वाडीत जात होत्या. मी रोज त्यांना बघत होते. आज 27-28 वर्षं झाली, ते मनातून जात नाही.

म्हणून आधी ग्रामपंचायतीत जा आणि महिला सभेची तारीख लेखी माग. बाजार उठल्यानंतरची वेळ धरायला सांग, नाहीतर ज्यांचा प्रश्न आहे त्याच येणार नाहीत. त्या दहा-बारा जणींना घेऊन बस. ठराव तुमच्या समोर लिहून घ्या, मोठ्याने वाचून घ्या, मग सह्या करा. तो ठराव ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे आणि इतिवृत्तात आला पाहिजे. तू 18 पूर्ण केली आहेस. मतदार यादीत नाव असेल तर तिथली तुझी जागा तुझ्या वडिलांच्या जागेएवढीच आहे. नाव नसेल तर आजच नोंदव.

आणखी एक प्रश्न सभेत विचार. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ‘गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले?’ एवढं एकच वाक्य. यावर कुणी ‘बापाशीक बोलाक सांग’ म्हणणार नाही, कारण आकडा सांगावा लागतो.

‘आमच्या घरात बायका बोलत नाहीत’ हे मात्र मला पटलं नाही. होड्या लागतात तेव्हा बंदरावर जाऊन आईला लिलावात बघ. समोर व्यापारी उभे असतात, टोपलीतला बांगडा ताजा की कालचा हे तिला एका नजरेत कळतं, आणि ती आकडा टाकते तेव्हा तिचा आवाज लाटेवरून ऐकू येतो. तिला त्या मालाची जाण आहे, म्हणून ती दबत नाही. तूही तुझ्या प्रश्नाची अशीच जाण करून घे. किती जणी बसतात, किती तास बसतात, जवळचं स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, पाणी कुठून जोडता येईल, हे सगळं चालून, मोजून वहीत लिही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जागा. तुला उत्तर मिळणार ते ‘जागाच नाही’ असंच. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. अशा सामायिक जमिनीच्या संमतीत वर्षं जातात. त्यापेक्षा बाजारालगत ग्रामपंचायतीच्या नावावरचा तुकडा शोध. जेटीलगतची जागा सागरी मंडळाची असेल तर ग्रामपंचायतीने त्यांना पत्र लिहावं, असं ठरावातच घाल.

सभेत आईला बरोबर ने. पाणी का पीत नाही ते तिने सांगावं, आकडे तू वाच.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातला, आंबा-काजूची बाग आहे. आमचा प्रभाग यंदा महिलांसाठी राखीव आहे. मुलगी 22 वर्षांची, पदवीधर. गावकर मंडळी म्हणतात, ‘तिला उभी करा, कारभार तुम्हीच बघा.’ ती उभी राहायला तयार आहे. मी होकार द्यावा का?

उत्तर : भाऊ, 21 पूर्ण झाली की ती स्वतः उभी राहू शकते. होकार तिने दिला आहे. तुमच्याकडे लोकांनी मागितलं ते दुसरंच काहीतरी आहे, आणि ते तुम्ही देऊ नका. 1993 पासून एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. तरी कितीतरी खुर्च्यांवर अजून नवरा, सासरा नाहीतर बाप बसतो. मुलगी बाजूच्या स्टुलावर.

तुमच्या हातात मात्र एक गोष्ट आहे, जी तिच्या हातात नाही. गावकीची बैठक देवळात होते, तिथे तिला बसायला जागा नसते आणि तुम्हाला असते. पंचायतीचे विषय गणपतीत मुंबईकर मंडळींसमोर तिथेच मिटतात, मग कार्यालयात नुसती सही राहते. देवळात उभे राहून स्पष्ट सांगा, की रस्ता, पाणी, दिवाबत्ती हे तिच्या सभेतले विषय आहेत, ते इथे नकोत. हे बोलणं तुम्हाला जड जाईल. तिच्या भाषणापेक्षा जास्त जड जाईल.

तिला पहिल्या सभेला गाडीवरून सोडायला जाल, तेव्हा दाराशी उतरवा आणि गाडी वळवून बागेत जा. संध्याकाळी ती सांगेल तेवढंच ऐका.