रोख खिडकीत बसण्यापूर्वी

मोठ्या बँकेच्या शाखेत रुजू झाल्यावर सुरुवातीचे काही महिने तुम्हाला बहुधा रोख खिडकीत बसवले जाईल. मी नवा असताना रांग वाढली म्हणून एक गड्डी यंत्रावर एकदाच मोजून दिली, आणि संध्याकाळी रोकड जुळवताना पाचशेच्या दोन नोटा कमी भरल्या, त्या खिशातून भराव्या लागल्या. तेव्हापासून दोनदा मोजल्याशिवाय गड्डी माझ्या हातून सुटत नाही.

बनावट नोट आढळल्यास ती ग्राहकाला परत न देता तिच्यावर शिक्का मारून जप्त करावी आणि त्याला पावती द्यावी. एकाच व्यवहारात अशा 5 किंवा अधिक नोटा निघाल्या, तर पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागतो. ग्राहक चिडेल, परंतु बहुतेक वेळा तो स्वतःच फसलेला असतो.

आपला पासवर्ड शेजारच्या सहकाऱ्यालाही सांगू नका, कारण तुमच्या आयडीवरून झालेल्या प्रत्येक नोंदीचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागते. विमाविक्रीचे लक्ष्य मात्र सुटणार नाही (त्याचा जाच मलाही आहेच). तरीही मुदत ठेवीच्या नूतनीकरणासाठी आलेल्या निवृत्त शिक्षकाच्या हाती दीर्घ मुदतीची पॉलिसी देऊ नका, कारण वर्षभराने दुसरा हप्ता कापला गेला की ते तुमच्याच खिडकीसमोर उभे राहतात.