वांग्याच्या मुळांना गाठी आणणारा सूत्रकृमी आणि प्रयोगशाळेत पाळतात तो, एकच का?

नाही. दोघं भाऊबंद, पण पोटापाण्याचा मार्ग वेगळा. परभणीकडं वांगं, टोमॅटो उपटल्यावर मुळांवर गाठी दिसतात, ते काम मेलॉइडोगायनीचं. त्याच्या तोंडात पोकळ सुई असते, ती मुळात खुपसून तो रस ओढतो. प्रयोगशाळेतल्या सी. एलिगन्सला सुईच नाही. सडकी फळं, कुजका पाला अशा ठिकाणी तो जिवाणू खाऊन जगतो, पिकाला त्याचा त्रास नाही.

या सी. एलिगन्सची लांबी जेमतेम १ मिलिमीटर. बहुतेक कृमी उभयलिंगी, म्हणजे एकाच अंगात नर-मादी दोन्ही असतात, नुसते नर क्वचितच. एकट्या कृमीपासून साधारण ३०० पिल्लं होतात आणि २० अंशांच्या आसपास अंड्याचा प्रौढ व्हायला साडेतीन दिवस पुरतात.

पण खरी मौज त्याच्या पारदर्शक अंगात आहे. जिवंतपणीच आतली प्रत्येक पेशी सूक्ष्मदर्शकातून दिसते. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात, प्रजननपेशी सोडून, मोजून ९५९ पेशी, त्यांतल्या ३०२ मज्जापेशी! वाढताना १३१ पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. पेशींचं हे ठरलेलं मरण उलगडल्याबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं.

अन्न संपलं, गर्दी झाली की त्याची अळी तोंड मिटून घेते आणि न खाता कित्येक महिने तग धरते. मला हे सगळ्यांत विलक्षण वाटतं.

माती तपासणीच्या अहवालात नुसतं ‘सूत्रकृमी’ लिहिलं असेल, तर औषध आणण्याआधी जात कोणती ते नक्की विचारा. जिवाणू खाणारे सूत्रकृमी निरोगी मातीतही भरपूर असतात.