पोथीचे फोटो काढण्याआधी

प्रश्न : घरी ज्ञानेश्वरीची हस्तलिखित पोथी आहे. लाल बासनात सुमारे दोनशे सुटी पाने. मोबाइलच्या स्कॅनर ॲपने काढू की टेबलावरचा स्कॅनर आणू? (वाई)

दोन्ही नको. स्कॅनरवर पान पालथे घालून झाकण दाबावे लागते आणि जुन्या कागदाच्या कडा नेमक्या तिथेच मोडतात. ॲपचा धोका वेगळा आहे. ते कागद पांढरा आणि शाई काळी करून टाकते. समासातली फिकट टीप, ओवी संपल्याची पुसट झालेली तांबडी उभी रेघ (दंड), दुरुस्तीचा रंग, सगळे त्यात जाते.

२४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उसना मिळाला तरी काम भागते. त्याचे चित्र ६००० बाय ४००० बिंदूंचे असते. पान १२ इंच लांब असेल आणि दोन्हीकडे एकेक इंच मोकळा सोडला, तर १४ इंचांत ६००० म्हणजे इंचाला सुमारे ४३० बिंदू मिळतात. ३०० च्या खाली उतरू नका.

कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून लावा. तो पानाला समांतर आहे का हे पाहायला पाटावर छोटा आरसा ठेवा: लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी आले की झाले. नाहीतर एका टोकाची अक्षरे धूसर येतात. लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) एफ-८, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, दोन सेकंदांचा टायमर. दोन एकसारखे एलईडी दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवा. फ्लॅश आणि खिडकीचा उजेड बंद. कडेला सेंटिमीटरची पट्टी आणि रंगपट्टी हवी. पाटावर एका वेळी एकच पान, खाली काळा कागद. गठ्ठ्यावरच फोटो काढलात तर कसरीच्या भोकांतून खालच्या पानाची अक्षरे डोकावतात आणि वाचणारा फसतो.

हात धुऊन कोरडे करा. सुती हातमोजे नकोत, त्यांत कडा अडकते. हळदीकुंकवाचे, तेलाचे डाग पुसू नका. चिकटलेली पाने सोडवायला जाऊ नका, ते काम जतनतज्ज्ञाचे.

सर्वाधिक गोंधळ क्रमांकांत होतो. पोथीत पत्रांक (पानाचा क्रमांक) बहुधा पानाच्या मागच्या बाजूला असतो. तो पुढच्या बाजूचा समजलात तर अख्खी पोथी एका बाजूने सरकते. म्हणून आधी पाने मोजा, गहाळ पत्रे लिहून ठेवा, मग पुढची बाजू ‘००१अ’ आणि मागची ‘००१ब’ अशी नावे द्या. आधीची शून्ये गाळलीत तर संगणक बऱ्याचदा १० ला २ च्या आधी बसवतो. कोरी बाजू आणि पोथीच्या वरखालच्या फळ्या यांचेसुद्धा फोटो काढा.

प्रश्न : काही ओळींवर पिवळा थर आहे. बुरशी असेल का? (बार्शी)

बहुधा हरताळ. चुकलेले अक्षर झाकायला लेखनिक तो फासत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळात आर्सेनिक असते, म्हणून थुंकी लावून पान उलटू नका आणि थर खरवडू नका. अशा पानाचा नेहमीच्या फोटोशिवाय आणखी एक फोटो घ्या: एक दिवा बंद, दुसरा कागदाच्या पातळीशी जवळजवळ आडवा. कधी कधी झाकलेल्या अक्षराची खूण तिरप्या उजेडात उमटते. लेखनिकाने आधी काय लिहिले होते हे कळणे पाठाभ्यासाला, म्हणजे प्रतींतल्या मजकुराच्या अभ्यासाला, मोलाचे असते.

प्रश्न : आमच्या ज्ञानेश्वरीत शेवटी शके १२१२ आहे. म्हणजे पोथी सव्वासातशे वर्षांची? (नांदेड)

नाही. ते ग्रंथरचनेचे साल आहे आणि नकलाकाराने तेही उतरवून घेतले आहे. ‘शके पंधराशे साहोत्तरी, तारण’ अशी ओळ असेल तर ती एकनाथांनी शुद्ध केलेल्या प्रतीची, म्हणजे शके १५०६ ची (इ. स. १५८४). तुमच्या प्रतीचे साल त्यानंतरच्या पुष्पिकेत, म्हणजे नकलाकाराच्या शेवटच्या नोंदीत, शोधा. तिथे बहुधा लेखनिकाचे नाव, तिथी, वार, संवत्सर असते. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला साधारणपणे ७९. ताळा असा: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी हाच संवत्सराचा क्रमांक. १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८, बाकी १८, आणि अठरावा संवत्सर तारणच. ताळा जुळला नाही तर आकडा पुन्हा वाचा, ५ आणि ६ ची गल्लत नेहमीची आहे. पुष्पिकेचे फोटो मुद्दाम जवळून घ्या.

प्रश्न : पुतण्या म्हणतो, पोथी अमेरिकेत नेऊन चांगली स्कॅन करू आणि इंटरनेटवर टाकू. (सांगली)

मूळ पोथी पाठवू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. फोटो मात्र खुशाल पाठवा. मूळ टिफ फायली (चित्राचा तपशील न गाळणाऱ्या) सांभाळा: एक चित्र सुमारे ७२ एमबी, ४०० चित्रांचे २९ जीबी. दोन डिस्क, त्यांतली एक दुसऱ्या गावी. लोकांसाठी जेपीईजीवरून पीडीएफ करून इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. सोबत ग्रंथनाम, लिपी, पत्रसंख्या, गहाळ पत्रे, लांबी-रुंदी आणि पुष्पिकेचा पूर्ण मजकूर द्या. नुसते ‘जुनी पोथी’ लिहिलेत तर ती कोणाला सापडणार नाही. घराचा पत्ता लिहू नका, गाव पुरे.