मराठीत पहिली कादंबरी लिहून झाली आहे. पुण्यात साहित्यिक एजंट कुठे मिळेल?

मराठी प्रकाशनव्यवहारात एजंटाची प्रथा जवळपास नाहीच. लेखक थेट प्रकाशकाकडे जातो, आणि राजहंस, मेहता, कॉन्टिनेन्टल, रोहन ही नावाजलेली घरे पुण्यातच असल्याने तुमची सोय आयतीच झाली आहे. एजंट लागतो तो प्रामुख्याने इंग्रजी कादंबरीसाठी, आणि तोही पुस्तक विकले गेल्यावर मानधनातून साधारण १५ टक्क्यांच्या आसपास कमिशन घेतो. हस्तलिखित वाचण्यासाठीच जो आधी पैसे मागतो, त्याला दुरूनच नमस्कार करावा.

पाठवण्यापूर्वी त्या प्रकाशकाची अलीकडची पुस्तके अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत चाळून पाहा, म्हणजे आपली कादंबरी तिथे शोभेल की नाही, हे कळते. सोबत एक पानाचा गोषवारा, पहिली दोन-तीन प्रकरणे आणि स्वतःविषयी चार ओळी एवढे पुरे. नातेवाइकांचे अभिप्राय जोडू नयेत. अभिप्रायच हवा असेल, तर टिळक रस्त्यावरील महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या कार्यक्रमांना जात राहा, तिथे चोखंदळ वाचक भेटतात. दिवाळी अंकांत एखादी कथा छापून आली, तर संपादकांना नाव परिचित होते. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे.

करारात मुदत लिहिलेली आहे ना, हे मात्र सहीपूर्वी नक्की पाहा: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरित करताना मुदत नमूद नसेल, तर ती ५ वर्षे मानली जाते. भाषांतराचे आणि चित्रपटाचे हक्क शक्यतो स्वतःकडेच ठेवावेत.