सरासरी १.२ : शाळेच्या दंततपासणीचा आकडा कसा वाचावा?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या ३० मुलांची दंततपासणी झाली. अहवालात ‘सरासरी डीएमएफटी १.२’ असे लिहून पुढे किडलेले दात ३४, काढलेले २, भरलेले ० असे आकडे दिले आहेत. ‘प्रमाण कमी आहे’ असा शेराही आहे. पालकसभेत हे कसे सांगावे, आणि पुढील वर्षी हा आकडा खाली यावा यासाठी काय करावे? — एक मुख्याध्यापिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपण आकड्यांची फोड कळवली हे फार बरे केले, कारण खरी माहिती त्या फोडीतच आहे. किडलेले, किडीमुळे काढावे लागलेले आणि भरलेले अशा कायमच्या दातांची बेरीज म्हणजे डीएमएफटी. क्लाइन, पामर आणि नटसन या संशोधकांनी १९३८ साली अमेरिकेतील हेगर्सटाउन येथील शाळकरी मुलांच्या तपासणीतून ही पद्धत मांडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत १२ वर्षांच्या मुलांची १.२ ते २.६ ही सरासरी ‘कमी’ गणली जाते, त्यामुळे आपल्या अहवालातील शेरा नियमाला धरूनच आहे. तरीही पालकांना तो तसाच वाचून दाखवू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

३६ बाधित दातांपैकी एकही दात भरलेला नाही, याचा अर्थ कीड लागलेल्या एकाही दातावर तो वाचवणारा उपचार झालेला नाही. ज्या शाळेत हेच ३६ दात वेळीच भरले गेले असतील, तिचीही सरासरी १.२ च येईल. शिवाय हे दात सर्व मुलांत सारखे वाटलेले नसतात. समजा, १८ मुलांचे दात निर्दोष आहेत आणि सर्वाधिक कीड असलेल्या १० मुलांच्या तोंडात ३२ बाधित दात आहेत. तर त्या एकतृतीयांश मुलांची सरासरी ३.२ होते. अशी वेगळी सरासरी काढण्याची रीत दंतसंशोधक ब्रॅटहॉल यांनी २००० साली सुचवली, ती नेमकी ही मुले नजरेआड होऊ नयेत म्हणून. तपासनिसांकडून मुलांची नावनिहाय यादी अवश्य मागून घ्यावी आणि ती पालकसभेत जाहीर न करता प्रत्येक पालकाशी स्वतंत्रपणे बोलावे.

आता आपला दुसरा प्रश्न. याच मुलांचा आकडा पुढील वर्षी खाली येणार नाही, कारण भरलेला दातही मोजणीत राहतोच. उपचार झाले तर ‘किडलेले’ या रकान्यातील दात ‘भरलेले’ या रकान्यात जातील, आणि आपल्या प्रयत्नांचे तेच यश मानावे. सरासरी खरोखर उतरली का, हे पाहायचे असेल तर दरवर्षीच्या १२ वर्षांच्या मुलांची एकमेकांशी तुलना करावी, आणि तीही एकाच निकषाने केलेल्या तपासणीची. रूढ पद्धतीत दातात खड्डा पडल्यावरच कीड नोंदवली जाते, त्याआधीचे पांढुरके डाग मोजले जात नाहीत; म्हणून शून्य नोंद झालेल्या मुलांनाही फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासायला सांगावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते आणि दातांचे विकार तिच्या यादीत आहेत. तपासणीचे पथक शाळेत येईल तेव्हा मुलांची नावनिहाय यादी त्यांच्या हाती द्यावी आणि पुढील उपचारासाठी प्रत्येक मुलाची संदर्भचिठ्ठी मागावी.

पहिलीच्या पालकांना मात्र एक गोष्ट आजच सांगावी. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमची पहिली दाढ दुधाच्या दाढांच्या मागे येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने ती दुधाचीच समजून ‘पडेल आपोआप’ म्हणत अनेक घरांत तिच्याकडे दुर्लक्ष होते, आणि सातवीच्या मोजणीत किडलेली म्हणून बहुधा हीच दाढ सापडते.