रेडॉनच्या भीतीने ओट्याचा ग्रॅनाइट काढावा का?

तुमचा प्रश्न असा: कोथरूडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, ओट्याला ग्रॅनाइट आहे, आणि ग्रॅनाइटमधून रेडॉन वायू निघून कॅन्सर होतो असा मेसेज फॅमिली ग्रुपवर आलाय. ओटा फोडावा का?

अजिबात फोडू नका. रेडॉनचा धोका खरा आहे, पण त्यात तुमचा ओटा उगाच गोवला गेलाय.

खडकातल्या किंचित युरेनियमपासून रेडियम आणि त्यापासून रेडॉन बनतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचं अर्धायुष्य (निम्मा विघटित व्हायला लागणारा वेळ) ३.८ दिवस, त्यामुळे जमिनीतून फटींवाटे घरात शिरायला सवड मिळते. त्यापासून होणारे पोलोनियमचे कण श्वासातून फुफ्फुसात चिकटतात आणि तिथेच पेशींना इजा करणारे अल्फा किरण सोडतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल रेडॉनच येतो, आणि सिगरेट ओढणाऱ्याला तो कितीतरी जास्त भोवतो. म्हणून घरात कुणी ओढत असेल, तर आधी ते बघा.

प्रश्न घराखालच्या जमिनीचा असतो, पाऊण इंच जाडीच्या पॉलिश केलेल्या फरशीचा नाही. पुण्याखाली बेसाल्ट आहे, ज्यात पाताळेश्वरचं लेणं कोरलंय तोच काळा कातळ. त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी. त्यात तुम्ही चौथ्या मजल्यावर, खिडक्या उघड्या.

ओट्याची कापलेली कड एकदा उजेडात बघा. गुलाबी-पांढरे ठसठशीत दाणे आणि अभ्रकाची चमक दिसली तर तो ग्रॅनाइट. एकसारखा काळाभोर असेल तर बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट. दुकानात त्यालाही ग्रॅनाइटच म्हणतात, पण तो बेसाल्टच्या कुळातला.

काळजी करायचीच असेल तर परदेशातल्या नातेवाइकांची करा. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका अणुवीज केंद्रात एका इंजिनिअरमुळे किरणोत्साराचा अलार्म वाजायचा. केंद्र अजून सुरूही झालं नव्हतं; तो रेडॉन त्याच्या घरातला होता! इंग्लंडमधलं कॉर्नवॉल तर ग्रॅनाइटवरच वसलंय. अशा भागात कुणी तळमजल्यावर किंवा बेसमेंटमध्ये झोपत असेल, तर मोजणीचं किट आणून निदान तीन महिने ठेवायला सांगा. जागतिक आरोग्य संघटना घनमीटर हवेला १०० बेकरेलची (बेकरेल म्हणजे किरणोत्सार मोजायचं एकक) पातळी सुचवते. आकडा त्याहून बराच वर गेला, तर जमिनीच्या स्लॅबखालून पाइप काढून पंख्याने हवा छपराबाहेर सोडतात. नेहमीचं काम आहे, घर विकावं लागत नाही.