पणजोबांच्या नावावरची जमीन जुन्या कागदांत कशी शोधायची?

तुम्ही विचारलंय की आजोबा सांगायचे सिन्नर तालुक्यात पणजोबांची १८ एकर होती, आता सातबाऱ्यावर आपलं कोणाचंच नाव नाही, तर सुरुवात कुठून करू. मी नाशिकचीच, आमच्याही घरात अगदी हीच गोष्ट होती, फक्त एकर कमी आणि शिव्या जास्त, म्हणून सांगते.

पणजोबांचं नाव घेऊन शोधायला जाऊ नका. मी तेच केलं आणि दोन महिने गेले. नाव सापडेचना, कारण जमीन थोरल्या पणजोबांच्या नावावर होती आणि नावापुढे बारीक अक्षरात ए.कु.मॅ. लिहिलेलं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आमचे पणजोबा धाकटे, ते कागदावर आलेच नव्हते. त्यात जुन्या नोंदीत आडनाव असेलच असं नाही, 'अमुक बिन तमुक' एवढंच असतं, बिन म्हणजे मुलगा. म्हणून आधी पणजोबांच्या भावांची नावं काढा. घरात म्हातारं माणूस उरलं नसेल तर पंचवटीत रामकुंडावर तुमच्या गावाचे तीर्थोपाध्याय शोधा, त्यांच्या वह्यांत गाव आणि आडनावावरून वंशावळ लावलेली असते. आमच्या गुरुजींनी लांबट वही मांडीवर घेतली, पाच मिनिटं पानं उलटली आणि थोरल्या पणजोबांची मोडीतली सही दाखवली, ते त्यांच्या आईच्या दशक्रियेला आले होते तेव्हाची. भाऊ तिघं होते हे आम्हाला तिथे कळलं, घरात दोनच सांगायचे!

नावं मिळाली की आजच्या सातबाऱ्यापासून मागे मागे जायचं. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाशेजारी गोल करून आकडे लिहिलेले दिसतील, ते फेरफार नंबर. एकेक फेरफार काढायचा, म्हणजे गाव नमुना ६, त्यात कोण मेलं, कोण वारस लागलं, कोणी विकलं, कशामुळे नाव कमी झालं ते लिहिलेलं असतं. कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी केलेलं नाव, तिथे थांबून नीट बघा. नाशिक जिल्ह्याचे बरेच जुने कागद स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' साइटवर आलेत, तिथे आधी बघा, नाही मिळालं तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज. मात्र नंबर लिहून न्या, 'आमच्या पणजोबांचं काय असेल ते द्या' असं म्हटलं की तिथला माणूस तुमच्याकडे बघतो आणि चहाला जातो.

आता खरी मेख. गट योजना, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण. १९४७ च्या कायद्याने ज्या ज्या गावात ती झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि आकडे पार बदलले. माझ्याकडे आत्याने जपलेली एक शेतसाऱ्याची पावती होती, त्यावर सर्व्हे नंबर ११२, तर मी बिनधास्त आजच्या गट ११२ चे सगळे फेरफार काढले, नकलांचे पैसे भरले, वाचत बसले आणि एकही नाव ओळखीचं नाही. असणार कसं, ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाची जमीन होती! कुठला सर्व्हे कुठल्या गटात गेला हे भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसात 'नऊ तीन नऊ चार'चा उतारा मागितला की कळतं, तोंडाने असंच म्हणा, त्यांना समजतं. क्षेत्रही ताडून बघा, जुनं एकर-गुंठ्यात (४० गुंठ्यांचा एकर), आताचं हेक्टर-आर, एक एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर.

त्याच्याही मागे जायचं असेल तर कडईपत्रक मागा, सातबाऱ्याच्या आधीचं. अजून जुनं मोडीत असतं, ते वाचणारा गाठावा लागतो, आणि २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून मोडीवाल्यांना जाम भाव आलाय, आधी पैसे ठरवून घ्या.

आमच्याकडे तीन पिढ्या म्हणत होत्या की भाऊबंदांनी जमीन लाटली, लग्नाकार्यात बोलणं नव्हतं. फेरफारात निघालं भलतंच. तिघे भाऊ मुंबईला गिरणीत, जमीन कुळाकडे, आणि १ एप्रिल १९५७ ला कूळ कायद्याने कसणारा मालक मानला गेला. मग त्याच कायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरली, कुळाने हप्ते भरले, ३२म चं सर्टिफिकेट घेतलं. सगळं कागदावर, तारखेसकट. मी ती नकल काकांना दाखवली तर त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचली आणि म्हणाले, मग ह्यांच्याशी भांडत कशाला होतो आपण.

एक लक्षात घ्या, जमीन सापडणं आणि परत मिळणं यात फार अंतर आहे. सातबारा हा महसुली कागद, मालकीचा शेवटचा पुरावा नाही, खरेदीखत झालं असेल तर दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघावा लागेल, आणि ताब्याच्या दाव्याला साधारण १२ वर्षांची मुदत असते, तेव्हा दावा ठोकायच्या आधी दिवाणी वकिलाला सगळ्या नकला दाखवा. गावात जाऊन आधीच भांडण काढू नका.

तुमच्याकडच्या जुन्यात जुन्या सातबाऱ्यावर गोलातला सगळ्यात लहान आकडा कोणता आहे? तो आणि गावात गट योजना झालीय का एवढं इथेच लिहा, पुढे कुठला कागद मागायचा ते सांगते.